चुकांची शिकवणी

"कात्री कुठे आहे?" टेलरबाईंनी विचारलं.

सरांनी कात्रीकडे पाहिलं. ती टेबलावर होती, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. सरांच्या कपाळावरची शीर फुगली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"सीझर्स," सर म्हणाले. बराच वेळ गेला. "टेबल."

"सीझर्स झालं, टेबल झालं. पण मधलं काय? टेबलावर आहे, टेबलाखाली आहे, का टेबलाच्या पोटात शिरलीय?"

"टेबल!" सर ओरडले आणि डाव्या हाताची मूठ त्यांनी आपटली. कात्री उडून फरशीवर पडली. आता ती टेबलावरही राहिली नव्हती.

टेलरबाईंनी ती उचलली, पदराला पुसली आणि परत मशीनवर बसल्या. शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता. नवऱ्याला झटका आला म्हणून मुलांच्या चड्ड्या थांबत नाहीत.

झटका आला तो भल्या सकाळी, दाढी करताना. उजवा हात गेला, उजवा पाय लुळा पडला आणि वाचा बंद झाली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पायाने थोडी साथ द्यायला सुरुवात केली होती, काठी धरून सर चार पावलं टाकत. बोलण्याचं मात्र विचित्रच झालं. मराठी जवळजवळ पुसली गेली. 'हो', 'नको' आणि 'अगं' एवढेच शब्द उरले. इंग्रजी आली, पण तीही अर्धीमुर्धी. पाणी हवं असेल तर 'वॉटर', ऊन डोळ्यांवर आलं तर 'विंडो'. नुसत्या वस्तूंची नावं. ज्या माणसाने गावातल्या दोन पिढ्यांना 'इन' आणि 'ऑन'मधला फरक शिकवला, कुणी 'मॅरिड विथ' म्हटलं तर ज्याला जेवण गोड लागत नसे, त्याच्या तोंडून आता एक 'ऑन' बाहेर पडत नव्हता.

"असं होतं कधी कधी," आठवड्यातून दोनदा येणारी स्पीच थेरपिस्ट म्हणाली होती. मुलीच्या वयाची, पण बोलणं ठाम. "आयुष्यभर ज्या भाषेत राबले ती आधी परत येते. मोठे शब्द आहेत त्यांच्याकडे. त्यांना जोडणारे छोटे गेलेत. इन, ऑन, अंडर, बिहाइंड. तसंच कॅन, मे, मस्ट. वस्तू दिसते, पण ती कुठे आहे ते सांगता येत नाही. काम आठवतं, पण ते जमेल का, करायलाच हवं का, ते सांगता येत नाही."

"म्हणजे कापड शाबूत आहे, शिवण उसवलीय," टेलरबाई म्हणाल्या.

थेरपिस्ट म्हणाली, "अगदी असंच."

"मग घालता येईल टाका."

बोलून तर गेल्या, पण टाका घालायचा कुणी? थेरपिस्ट दोन दिवस येणार, उरलेल्या पाच दिवसांचं काय? टेलरबाईंचं शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी म्हणाल तर रिळांवरची नावं आणि स्मॉल, मीडियम, लार्ज. लग्न नवं असताना त्यांनी एकदा हौसेने म्हटलं होतं, मलाही शिकवा की. सरांनी शिकवायला घेतलंही होतं. तिसऱ्या दिवशी 'शी गो' ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "अगं, तुझ्या चुका ऐकून माझं इंग्रजी बिघडेल." टेलरबाई हसल्या, उठल्या, आणि पुन्हा त्या वाटेला गेल्या नाहीत. मुलगा मोठा झाला, बापलेक इंग्रजीत गप्पा मारू लागले, तेव्हा त्या मशीन जरा जोरात चालवत.

आता त्यांच्याच गळ्यात शिकवणी पडली होती.

थेरपिस्ट त्यांना दाराशी उभं करून धडा देई. "नुसतं 'ऑन' म्हणवून घेऊ नका. 'ऑन द टेबल', 'इन द ड्रॉवर', अशी जोडी म्हणवून घ्या. त्या छोट्या शब्दाला एकट्याने उभं राहता येत नाही."

"आपलं बरं आहे," टेलरबाई विचार करत म्हणाल्या. "टेबलावर, टेबलाखाली. आधी वस्तू, मग जागा. यांच्यात जागा आधी. आपल्याकडे शेपूट आहे, यांच्याकडे शिंग."

'कॅन', 'मे', 'मस्ट' मात्र त्यांना चटकन समजले. 'मे' म्हणजे धावदोरा, ओढला तर निघतो. 'मस्ट' म्हणजे मशीनची दुहेरी शिवण, फाडल्याशिवाय सुटका नाही. आणि 'कॅन' तर त्यांना फारच आवडला. मराठीत मी शिवू शकते, तो शिवू शकतो, तुम्ही शिवू शकता, माणूस बदलला की शब्दाने कूस बदलायची. 'कॅन' कुणासमोर वाकत नव्हता. आय कॅन, ही कॅन, शी कॅन.

"याला बाई-बुवा कळत नाही," त्या सरांना म्हणाल्या. "भला शब्द आहे. इतकी वर्षं मला सांगितला नाहीत ते."

सरांनी नजर वळवली.

पण शिकवणी पुढे सरकेना. कप टेबलावर ठेवायचा, खुर्चीखाली ठेवायचा, पिशवीत टाकायचा आणि विचारायचं. सर कपाकडे बघत, घामाघूम होत आणि म्हणत, "कप." पालथ्या घड्यावर पाणी. कधी कप फेकून देत. घरातले कप संपत आले तेव्हा टेलरबाईंनी स्टीलचा पेला घेतला.

त्यातच मुलाचे फोन सुरू झाले. तो दुसऱ्या शहरात, नोकरीत गुंतलेला. मनाने वाईट नव्हता, घाबरलेला होता.

"आई, तू गणवेश द्यायला बाहेर जातेस आणि मागे ते पडले तर? फोनवर काय सांगतील? 'फ्लोअर'? कुठला फ्लोअर, काय झालं, कुणाला कळणार?"

"मी लगेच येते रे परत."

"लगेच म्हणजे किती? इथे एक केअर सेंटर पाहिलंय मी. नर्स आहेत, घंटा आहे, बाग आहे. तू माझ्याकडे राहा, रोज त्यांना भेटायला जाऊ."

"त्यांना विचारायला नको का?"

"विचार की. सांगू शकतात का ते? तोच तर प्रश्न आहे."

टेलरबाईंनी फोन ठेवला. मुलाचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. त्यांनी सरांचे सगळे शर्ट काढले आणि डाव्या बाजूचे खिसे उसवून उजव्या बाजूला लावले, म्हणजे डावा हात सहज पोहोचेल. त्यात साधा फोन. एक बटण दाबलं की मुलाला लागायचा. मुलाचं समाधान झालं नाही. महिनाअखेरीला येतो म्हणाला, बाबांना घेऊन ती जागा बघून येऊ.

आणि मग एका दुपारी ती गंमत झाली.

थेरपिस्टचा फोन होता. टेलरबाई मशीनवर वाकून, खांद्याने फोन धरून बोलत होत्या. सर किती चालतात, तिने विचारलं. टेलरबाईंना वाटलं, चला, आज आपणही दाखवू. घसा साफ करून त्या इंग्रजीत म्हणाल्या, "ही कॅन टू वॉक टू द बाथरूम."

"नो टू!" खुर्चीतून आवाज आला.

टेलरबाईंनी मान वळवली. "नाही जायचं? बरं, नका जाऊ."

"नो टू!" सर लालबुंद झाले होते. काठी फरशीवर आपटत होते. "कॅन वॉक! कॅन वॉक टू द बाथरूम!"

"अहो, आत्ता 'टू' नको म्हणालात, आत्ता घातलात. एक काय ते ठरवा."

"फर्स्ट... नो. सेकंड... यस!"

 थेरपिस्टने फोनमधून हळूच विचारलं, "आत्ता कोण बोललं?"

तेव्हा कुठे टेलरबाईंच्या डोक्यात उजेड पडला. कॅन. त्याच्यामागे वॉक. त्याच्यामागे टू द बाथरूम, शिंगासकट. अख्खी शिवण. मागून मिळत नव्हतं ते रागाने दिलं होतं. हा माणूस सांगून बोलणार नाही, पण डोळ्यांसमोर चूक झाली तर याला ती सोसवणार नाही. जन्माची खोड औषधासारखी कामाला आली होती.

त्यांनी फोन बाजूला ठेवला, पेला उचलून टेबलावर ठेवला आणि अगदी भोळ्या चेहऱ्याने म्हणाल्या, "द ग्लास इज अंडर द टेबल."

"ऑन!" सर गरजले. "ऑन द टेबल!"

टेलरबाई मशीनवर डोकं टेकून हसल्या. हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी पुढ्यातल्या बाहीला पुसले. मग डाग पडला म्हणून ती बाही पुन्हा धुवावी लागली.

त्या दिवसापासून घरात चुकांचा सुकाळ झाला. टेलरबाई सकाळी उठल्यापासून चुका करत. "द शर्ट इज इन द बटन." "बटन इज ऑन द शर्ट!" "द सन मे राइज इन द मॉर्निंग." "विल! विल राइज!" "यू मस्ट ड्रिंक टी." यावर सर जरा थांबले. चहाची सक्ती नसते हे त्यांना पटवायचं होतं, पण समोर वाफाळता कप होता. शेवटी, "आय... मे," म्हणाले आणि कप उचलला.

थेरपिस्टने कपाळावर हात मारून घेतला, आणि मग खुर्ची ओढून तीही सामील झाली. "करा चुका," ती म्हणाली, "पण एका वेळी एकाच जातीच्या." मग ती चुका सुचवून जाऊ लागली. आज नुसत्या जागेच्या, उद्या नुसत्या 'कॅन' आणि 'मस्ट'च्या. सर चिडत, दुरुस्त करत आणि दमून झोपत. हळूहळू चिडणं कमी झालं तरी शब्द यायचे थांबले नाहीत. गंमत म्हणजे टेलरबाईंच्या निम्म्या चुका मुद्दाम केलेल्या नसत. त्याही सर दुरुस्त करत, आणि पुढच्या खेपेला टेलरबाई त्या करत नसत. नवऱ्याच्या तोंडात टाके पडत होते तसे त्यांच्याही तोंडात पडत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही इतकंच.

महिनाअखेरीला मुलगा आला. बॅग खाली ठेवून बाबांसमोर उकिडवा बसला, त्यांचा गार पडलेला उजवा हात हातात घेतला आणि इंग्रजीतच विचारलं, तुम्हाला तिथे जायचंय का? टेलरबाई दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांनी सरांना सांगितलं, सांगा आता.

सरांनी तोंड उघडलं. मुलाचा चेहरा, त्याची काळजी, बायकोची नजर, सगळं एकदम अंगावर आलं असावं. "हाउस," ते म्हणाले. "गो... नो... वाइफ... हाउस." आणि थांबले. घाम फुटला. आयत्या वेळी एकेक शब्द पळून गेला होता.

मुलाने आईकडे पाहिलं. त्यात 'बघ, मी म्हणत होतो' असं काही नव्हतं, नुसतं दुःख होतं. म्हणून टेलरबाईंना ते जास्त लागलं.

"बोलतात रे ते," त्या म्हणाल्या. "कालच तर..."

"असू दे, आई."

दुपारी शाळेत गणवेशांचं गाठोडं पोचवायचं होतं. जड होतं म्हणून मुलाने उचललं. सर खुर्चीत डुलकी घेत होते. शाळा दोन गल्ल्या सोडून, जाऊन लगेच परतायचं.  गाठोडं शाळेच्या ऑफिसात टेकवलं आणि टेलरबाईंच्या लक्षात आलं, जास्तीच्या बटणांची पिशवी घरीच राहिली. तेवढ्यात मुलाचा फोन वाजला.

"बाबा?" मुलगा म्हणाला. पलीकडून नुसता श्वास. "बाबा! काय झालं?"

त्याने फोनचा आवाज मोठा केला. ऑफिसातले कारकून माना वर करून बघू लागले.

"आय," फोन म्हणाला. मग बराच वेळ गेला. मुलाने तोंड उघडलं, पण टेलरबाईंनी हात वर केला. थांब.

"आय अ‍ॅम... ऑन द फ्लोअर."

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. टेलरबाई मात्र फोनवर वाकल्या. "व्हेअर?" त्यांनी स्पष्ट विचारलं. "अहो, व्हेअर?"

"बिहाइंड... बिहाइंड द डोअर. फ्रंट डोअर."

दोघं पळत सुटले. मुलगा पुढे, टेलरबाई चपला हातात घेऊन मागे. मुलाच्या हातात फोन तसाच चालू होता. घर आलं, मुलाने चावी फिरवली आणि दाराला खांदा लावला.

"नो!" फोनमधून आणि दारामागून आवाज एकदमच आला. "यू मस्ट नॉट पुश!"

मुलगा ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. आत वडील पडलेले, दार समोर, माणूस ढकलणारच. टेलरबाईंनी त्याचं मनगट पकडलं. कात्री चालवून घट्ट झालेली ती पकड.

"मस्ट नॉट म्हणाले ना! मस्ट म्हणजे मस्ट. दाराला अंग लागलंय त्यांचं. हाड मोडशील."

"मग आत जायचं कसं?"

दारामागे धाप लागल्याचा आवाज. मग, एकेक शब्द जागेवर ठेवत, जसे पूर्वी फळ्यावर ठेवत तसे, सर म्हणाले, "यू कॅन कम... थ्रू द किचन."

टेलरबाई तोवर घराच्या मागच्या बाजूला पोचल्याही होत्या. स्वयंपाकघराच्या दाराची चावी त्यांच्या कमरेलाच असे. कुलूप निघालं, मुलगा ओट्याला धडकत आत धावला आणि बाहेरच्या खोलीच्या उंबरठ्यावर थबकला.

सर दाराला पाठ लावून आडवे झाले होते. दुबळा पाय दुमडून बरोबर दाराच्या फटीपाशी आला होता. दार ढकललं असतं तर गुडघा गेलाच असता. आणि फरशीभर बटणं होती. पांढरी, निळी, लहान, मोठी, कोपऱ्याकोपऱ्यात घरंगळलेली. विसरलेली पिशवी दिसली म्हणून सर ती द्यायला उठले होते. चालत्या हातात पिशवी घेतली म्हणून काठी खुर्चीशीच राहिली, दारापर्यंत आले, आणि तिथे तोल गेला.

मुलगा अजून उंबरठ्यावरच उभा होता. वडिलांना असं जमिनीवर बघण्याची सवय त्याला नव्हती. सरांनी मान उचलून त्याच्याकडे पाहिलं, आणि वर्गात उशिरा आलेल्या पोराला म्हणावं तसं म्हणाले, "यस, यस. यू मे कम इन."

आधी टेलरबाईंना हसू फुटलं. मग मुलाला. हसता हसता तो गुडघ्यांवर बसला आणि वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडला. सरांनी डाव्या हाताने त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं. "नॉट ब्रोकन," म्हणाले. हाडाबद्दल म्हणत होते की कशाबद्दल, कोण जाणे.

त्यांना लगेच उठवलं नाही. पाय नीट आहे ना, कमर दुखते का, ते बघेपर्यंत तिघंही फरशीवरच बसले होते, बटणांमध्ये. ढोपराला खरचटलं होतं, बाकी काही नाही. मुलाने पाणी दिलं. मग थोड्या वेळाने त्याने सकाळचाच प्रश्न पुन्हा विचारला, पण या वेळी वाट बघायची तयारी ठेवून.

सरांनी घाई केली नाही. एक बटण उचललं, बोटांत फिरवलं.

"आय विल स्टे," ते म्हणाले. "इन धिस हाउस. विथ हर." मुलगा काही बोलणार तोच त्यांनी बटण धरलेला हात वर केला. वाक्य संपलं नव्हतं. ते बायकोकडे वळले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी असं विचारलं नव्हतं. मराठीतही नव्हतं. "इफ... शी कॅन."

टेलरबाईंनी पदर सावरला. त्या फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या, केस सुटलेले, पाय धुळीने माखलेले.

"आय कॅन," त्या म्हणाल्या. "आय विल. अँड ही मस्ट नॉट वॉक विदाउट द स्टिक इन हिज हँड."

सर ऐकत होते. डोळे बारीक करून, मान किंचित तिरकी करून, एकेक शब्द तपासत. टेलरबाई थांबल्या. मुलगाही थांबला. पण या वाक्यात सरांना चूक सापडली नाही.

"करेक्ट," ते म्हणाले.

मुलाने केअर सेंटरला बाहेर जाऊन फोन केला. काय बोलला ते टेलरबाईंनी ऐकलं नाही, पण आत आला तेव्हा बाह्या सरसावत होता. संध्याकाळपर्यंत त्याने भिंतीला धरायला दांडे ठोकले, पुढच्या दाराचं बिजागर फिरवून ते बाहेर उघडेल असं केलं. दोन खिळे वाकडे गेले. सरांनी ते दाखवून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला न्यायला टॅक्सी आली. सर म्हणाले, गेटपर्यंत मी येणार. टेलरबाईंनी काठी हातात दिली आणि बरोबर जायला निघाल्या, तर सरांनी 'नको' अशी मान हलवली. मग त्या खिडकीशी थांबल्या. सर पायरी उतरले, एक पाऊल, मग दुसरं, असे गेटाशी पोचले. मुलाने बॅग टॅक्सीत ठेवली, दार उघडलं, आणि सर काहीतरी सांगू लागले.

इतक्या लांबून काही ऐकू येत नव्हतं. फक्त ओठ हललेले दिसत, मग थांबलेले, मग पुन्हा हललेले. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. सरांनी काठीसकट डावा हात उचलून त्याला थांबवलं आणि बोलत राहिले. पुन्हा हॉर्न वाजला. मुलाने टॅक्सीचं उघडलेलं दार लोटून बंद केलं, बाहेरच उभा राहिला, आणि वडिलांचं वाक्य पुरं होईपर्यंत ऐकत राहिला.